पहिलं की दुसरं

शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं विचारलं, "पहिलं की दुसरं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरं." टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीतलं सोनोग्राफी सेंटर, सकाळचे पावणेनऊ, जून महिना. पालख्या आदल्याच दिवशी पुण्यातून पुढे गेलेल्या, त्यामुळे रस्त्यावर अजून केळीच्या साली आणि द्रोण. हॉलमध्ये नेहमीचं चित्र होतं. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी, कूलरपाशी पाण्याचे ग्लासावर ग्लास रिचवणाऱ्या बायका, आणि बायकोची पर्स मांडीवर घेऊन बसलेले नवरे. माझ्याही मांडीवर पिशवी होती, म्हणून मी त्यांच्यातलाच वाटलो असेन. तो तिशीच्या आतला, पायात नवे सँडल. "आमचं पहिलं," तो म्हणाला. "ती आत गेलीये. माझेच हातपाय गार पडलेत बघा." त्यानं खरंच हात पुढे केला आणि तो खरंच गार होता. "तुमचं पण पहिल्या वेळी असंच झालं होतं का?" मी जुन्या जाणत्यासारखी मान हलवली. "होतं तसं. मग सवय होते." तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी नाव पुकारलं. माझ्या लेकाचं, संपूर्ण, आडनावासकट. खुर्च्यांखालून गाडी फिरवत बसलेला साडेपाच वर्षांचा मुलगा उठला, गाडी माझ्या हातात दिली आणि ओळखीच्या घरात शिरावं तसा दार ढकलून आत गेला. त्या माणसानं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

सरळ सांगता आलं असतं की बायको ऑफिसला गेलीये, सोनोग्राफी या पोराची आहे. पण त्यापुढचा प्रश्न मला पाठ आहे. "काय झालंय त्याला?" आणि त्याचं खरं उत्तर 'काही नाही' हेच आहे. काही झालेलं नाही. पोटात गाठ होणारच असेल तर ती लिंबाएवढी असतानाच कळावी, म्हणून आम्ही दर तीन महिन्यांनी इथे येतो. हे ऐकल्यावर समोरचा एकतर आपल्याला चक्रम समजतो, नाहीतर आवाज खाली आणून पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो. दोन्ही गोष्टी मला उपाशीपोटी झेपत नाहीत. (उपाशी राहायचं असतं ते त्यानं. पण त्याच्यासमोर चहा कसा प्यायचा, म्हणून मीही.) बेकविथ-विडेमान सिंड्रोम (अंग प्रमाणाबाहेर वाढण्याचा जन्मजात आजार) हे नाव सांगायला दोन सेकंद लागतात आणि समजावायला वीस मिनिटं, आणि वीस मिनिटांनंतर माणूस हमखास म्हणतो, "पण दिसतो तर छान तब्येतीचा!"

तब्येतीचंच तर सगळं आहे. जन्मला तेव्हा तो सव्वाचार किलोचा होता. माझ्या आईनं पेढे वाटताना मुलगा झाल्याचं नंतर सांगितलं, वजन आधी. आपल्याकडे गुटगुटीत हा शब्दच मुळी बक्षिसासारखा उच्चारतात, गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरवणारा समाज आपला. 'बाळसं धरलंय' म्हणताना आजीच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते नातवाला पहिला नंबर मिळाला तरी येत नाही. त्याच संध्याकाळी बाळाची रक्तातली साखर उतरली आणि पेढ्यांचा डबा अर्धाच राहिला. काचेच्या पेटीत सर्वांत मोठं बाळ आमचं. शेजारी दीड-दीड किलोची पाखरं, आणि मध्ये हा पहिलवान, हाताला सलाईन लावून. जीभ तोंडात मावत नसल्यासारखी ओठांवर टेकलेली. आत्या म्हणाली, "देवीचं लेकरू दिसतंय." दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, त्यांनी जीभ पाहिली, बेंबी पाहिली, आणि मग बारशाला कान टोचायला आलेल्या सोनारासारखी कानाची पाळी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली. पाळीवर दोन बारीक आडव्या चिरा होत्या. उशीची घडी उमटावी तशा. आम्ही त्या पाहिल्याही नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, "हं." त्या एका 'हं'नंतरचं सगळं आयुष्य मी तिमाहीत मोजतो.

पुढे रक्ताची तपासणी झाली, ती मिथायलेशनची, म्हणजे जीनवरच्या रासायनिक खुणांची. रिपोर्ट समजावणाऱ्या बाई इंग्रजीत बोलत होत्या आणि कागदावर दोन काड्या काढत होत्या. प्रत्येक गुणसूत्राच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईची, एक बापाची. बहुतेक ठिकाणी कुठली कुणाची याला महत्त्व नसतं. अकराव्या गुणसूत्राच्या टोकाशी मात्र एक जागा अशी आहे, की तिथे प्रत कुणाकडून आली याची खूण उमटलेली असते. शरीर वाढवणारा एक घटक बापाच्या प्रतीवरूनच तयार होतो आणि त्याला आवर घालणारं जीन आईच्या प्रतीवर चालू असतं. मला ते तिथे नीट कळलं नाही. कळलं ते घरी येताना, अलका चौकात सिग्नलला स्कूटर उभी असताना, आणि अर्थातच मराठीत. वाढणं! पंगतीत वाढतात ते वाढणं आणि अंगानं वाढतात ते वाढणं, आपल्याकडे शब्द एकच. बापाची प्रत म्हणजे हातात जिलबीचं ताट घेतलेला आग्रही यजमान. "वाढा, अजून वाढा, लाजू नका." आणि आईची प्रत पानावर आडवा हात धरून सांगणारी, "पुरे." दोघांच्या ओढाताणीतून पोर बेताचं होतं. आमच्याकडे काही पेशींमध्ये त्या जागेच्या दोन्ही प्रती माझ्याच निघाल्या. गर्भ राहिल्यानंतर, पेशी दुभंगताना, कधीतरी झालेली अदलाबदल. कुणी काही केलं म्हणून नाही, कुणी काही खाल्लं म्हणून नाही. त्या पेशींच्या पंगतीत दोन्हीकडून यजमानच उभे, आणि पानावर हात धरायला कुणी नाही.

हे लिहायला सोपं आहे. तेव्हा मात्र घरात वेगळीच चौकशी चालू होती. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात हिनं सुरी धरली होती का, रात्रीची गच्चीवर गेली होती का, तिच्या आजोळी कुणी 'असं' आहे का. प्रश्न सगळे तिला. रिपोर्ट माझ्या खिशात होता आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दोन्ही प्रती पित्याच्या. मी तो वर्षभर कुणाला दाखवला नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय की दोष कुणाचाच नाही, मग माझा आहे असं तरी कशाला भासवायचं, असं मी स्वतःला समजावत होतो. युक्तिवाद बिनतोड होता. फक्त तो तिच्या बाजूनं एकदाही केला नव्हता. पहिल्या वाढदिवसानंतर केव्हातरी भांडी घासताना तिनं एवढंच म्हटलं, "तू सांगणार आहेस की मी सांगू?" मग मी आईला सांगितलं. आईनं ताटातली भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बापावर गेलाय. दुपटीनं." सुनेला मात्र त्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या आवडीच्या अळूवड्या केल्या, हेच काय ते.

या मुलांमध्ये मूत्रपिंडातला विल्म्स ट्यूमर आणि यकृतातला हेपॅटोब्लास्टोमा हे कर्करोग होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. या सिंड्रोमचे सगळे प्रकार एकत्र धरले तर १०० पैकी १० पेक्षा कमी मुलांना काही ना काही होतं. पण प्रकाराप्रकारात फरक फार. एका प्रकारात १०० मध्ये दोन-तीन, तर एकात पंचवीसच्याही वर. आमच्या प्रकाराचा आकडा १६ च्या आसपास. सोळा! सोळा आणे म्हणजे पूर्ण रुपया असं मानणाऱ्या भाषेत मी वाढलो, मला सोळा हा आकडा कधी थोडका वाटूच शकत नाही. बायकोला मात्र ८४ दिसतात. ती बँकेत आहे, तिला उरलेली रक्कम बघायची सवय. मीही तसंच बघायचा प्रयत्न केला, जमलं असं वाटलं, आणि मग एका रविवारी आम्ही लुडो खेळायला बसलो. शंभरात सोळा म्हणजे साधारण सहात एक, फाशाचं एक घर. पोरगं दोन्ही मुठींत फासा खुळखुळवत डोळे मिटून ओरडत होतं, "सहा पड, सहा पड, सहा पड!" सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही ना. मी मनात म्हणत होतो, नको पडू. तीन पडले. तो हिरमुसला. मी उठून उगाच पाणी प्यायलो.

तेव्हापासून आम्ही सापशिडी खेळतो. तिथे कुठलाही आकडा चालतो.

रुग्णालयातल्या जेनेटिक ओपीडीच्या बाकावर बसलं की आपण एकटे नाही हे कळतं, पण त्यानं हलकं वाटतंच असं नाही. तिथे बारामतीकडचे एक गृहस्थ भेटायचे. त्यांच्या मुलीच्या अंगावर चहा सांडल्यासारखे फिक्कट तपकिरी डाग. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, साधारण ३००० मध्ये एक, आणि निम्म्या मुलांमध्ये आईबापांकडून न येता नव्यानंच उपजणारा. दृष्टीच्या मज्जातंतूवर गाठ येऊ शकते, म्हणून त्यांची दरवर्षी डोळ्यांची वारी. ते मला सांगायचे, "आंघोळीला बसवली की मी डाग मोजतो. तिला वाटतं बाप चोळून आंघोळ घालतोय." एक डाउन सिंड्रोमचा मुलगा, सगळ्यांना हात मिळवणारा. त्याच्या आईला रक्ताच्या कर्करोगाबद्दल सगळं ठाऊक, तिला पेशींचे आकडे भाजीच्या भावासारखे तोंडपाठ. आणि एक छोटी, एका डोळ्यात कृत्रिम बुबुळ. फोटोत फ्लॅश पडल्यावर एका डोळ्यात पांढरा ठिपका चमकायचा, तो तिच्या मामानं टिपला आणि रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्यातला कर्करोग, कळला. आल्फ्रेड नुडसन या अमेरिकी संशोधकानं १९७१ मध्ये या आजाराचाच हिशेब मांडून सांगितलं होतं की पेशीवर दोन घाव पडावे लागतात, आणि काही मुलं पहिला घाव घेऊनच जन्माला येतात. बाकावरच्या आम्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर पहिला पडून गेलेला दिसतो. बोलतो मात्र आम्ही पार्किंगबद्दल.

आमच्या आजाराच्या नावातले ब्रूस बेकविथ हे अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट. १९६३ मध्ये त्यांनी या बाळांचं वर्णन केलं ते शवविच्छेदनाच्या टेबलावर पाहिलेल्यांवरून. जर्मनीतल्या हान्स-रुडॉल्फ विडेमान यांनी वर्षभरानं, स्वतंत्रपणे, भावंडांमध्ये तेच टिपलं. बेकविथ पुढे अनेक वर्षं विल्म्स ट्यूमरच्याच अभ्यासात गढलेले होते. आणि ज्यांच्या नावानं तो ट्यूमर ओळखला जातो ते माक्स विल्म्स हे जर्मन सर्जन. १८९९ मध्ये त्यांनी या गाठींवर ग्रंथ लिहिला आणि १९१८ मध्ये घटसर्पाच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करताना स्वतः संसर्ग होऊन गेले. घटसर्प! लेकाला पाचव्या वर्षी बूस्टर दिला तेव्हा मला विल्म्स आठवले होते. त्यांना ज्यानं मारलं त्याला आज दंडावरच्या एका सुईनं हुसकावता येतं, आणि त्यांनी जे लिहून ठेवलं ते वेळेत सापडलं आणि नीट उपचार मिळाले तर १० पैकी ९ मुलं बरी होतात. रात्री दोन वाजता मोबाईलच्या उजेडात मला अशीच माणसं भेटतात. नातेवाइकांपेक्षा बरी.

वेळेत सापडण्यासाठी सोनोग्राफी. तीनच महिन्यांनी का, तर विल्म्सची वाढ झपाट्याची, सहा महिने थांबलं तर मधल्या काळात होत्याचं नव्हतं होतं. सातव्या वर्षापर्यंत करायची, त्यानंतर ही गाठ क्वचितच होते. यकृतासाठी अल्फा-फिटोप्रोटीन ही रक्ततपासणी करायची की नाही यावर युरोप आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांचं एकमत नाही. आमच्या डॉक्टरांनी चौथ्या वर्षापर्यंत केली. नवजात बाळात हा आकडा हजारोंच्या घरात असतो आणि हळूहळू उतरतो, आणि या मुलांमध्ये तर जरा जास्तच रेंगाळत उतरतो. ते उतरणं मी एका वहीत आलेख काढून पाहत असे. शेअरबाजारात पैसे टाकलेला माणूस आलेख वर जावा म्हणून देव पाण्यात ठेवतो, मी खाली यावा म्हणून.

तर आमचं वर्ष असं चालतं. मार्चमध्ये पाडव्याच्या आसपास एकदा, जूनमध्ये पालखीच्या गर्दीत एकदा, सप्टेंबरात गणपतीचे रस्ते बंद असताना एकदा, आणि डिसेंबरात, 'सवाई'ला जाणाऱ्यांच्या शाली बाहेर निघतात तेव्हा एकदा. आत गेल्यावर पोटावर थंडगार जेल, मग डॉक्टर यंत्राचा तो ठोकळा पोटावरून सावकाश फिरवतात. लेक पहिल्यांदा बोलायला लागला तेव्हा त्यानंच त्या ठोकळ्याला नाव दिलं, इस्त्री. "आज इस्त्रीला जायचंय?" घरात तोच शब्द रूढ झाला. कालनिर्णयावरही आम्ही तेच लिहितो. आल्यागेल्याला वाटतं, काय टापटीप माणसं आहेत, इस्त्रीच्या कपड्यांच्यासुद्धा तारखा ठेवतात.

त्या दिवशी मी आत गेलो तोवर तो शर्ट वर करून टेबलावर आडवा झालेला होता. "फुगा कर पोटाचा," डॉक्टर म्हणाले. त्यानं केला. "धरून ठेव. सोड." पडद्यावर राखाडी पाऊस. मला पाच वर्षांत त्यातलं यकृत ओळखता येतं, मूत्रपिंड येतं, बाकी नाही. डावं मूत्रपिंड आलं की डॉक्टर चित्र थांबवतात आणि त्याच्या दोन टोकांना दोन फुल्या मारतात, टिक, टिक, आणि मध्ये ठिपक्यांची रेघ उमटते. मापासाठी असतात त्या फुल्या. पण पहिली फुली आणि दुसरी फुली यांच्यामध्ये डॉक्टर जेवढा वेळ घेतात तेवढा वेळ मी श्वास घेत नाही. त्या दिवशी त्यांनी दुसरी फुली मारलीच नाही. ठोकळा मागे नेला, तिरका केला, पुन्हा पुढे आणला. मी त्यांच्या कानाकडे बघत राहिलो. कानाच्या पाळीवर चीर नव्हती, हे मला का सुचलं कुणास ठाऊक. मग पोरगं म्हणालं, "काका, मी चुकून श्वास सोडला." डॉक्टर हसले. "तरीच! परत धर." टिक.

रिपोर्टात नेहमीचं वाक्य. नो फोकल लीजन सीन. काही दिसलं नाही. बाहेर आलो तर गार हातांचा तो माणूस नव्हता, त्याच्या खुर्चीवर कुणाची तरी छत्री होती. बरं वाटलं आणि वाईटही. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये आमचा ठरलेला कार्यक्रम झाला, त्याला क्रीमरोल, मला चहा. तो रोल खायच्या आधी दोन्ही टोकांकडून आत डोकावून बघतो, क्रीम मधपर्यंत आहे का ते. मीही कुणाकडून कमी तपासणी करत नाही म्हणा. खाता खाता म्हणाला, "बाबा, आपलं दुसरं काय आहे?" मी विचारलं, "म्हणजे?" "त्या काकांना तू म्हणालास ना, दुसरं." खुर्च्यांखाली गाडी फिरवताना पोरांचे कान कुठे असतात हे मी विसरलो होतो. मी म्हणालो, "दुसरा क्रीमरोल. हवाय?" त्यानं मान डोलावली आणि विषय संपला. त्याच्यापुरता.

माझ्या लक्षात आलं ते घरी आल्यावर, त्याचे बूट काढताना. त्याचं डावं अंग उजव्यापेक्षा थोडं वाढीव आहे, पाय लांबीला सव्वा सेंटिमीटर आणि पंजा एका नंबरानं. म्हणून बूट घ्यायचे तर लक्ष्मी रोडवर एकाच बुटाचे दोन जोड घ्यावे लागतात, एक लहान, एक मोठा. मग उजव्या बुटाला कोपऱ्यावरच्या चांभारदादांकडून जादा तळ बसवून घ्यायचा. ते तो इतका बेमालूम लावतात की शाळेत आजवर कुणाला कळलेलं नाही. दर खेपेला उरतात एक डावा लहान आणि एक उजवा मोठा. पलंगाखालच्या खोक्यात पाच वर्षांचे असे उरलेले बूट आहेत, कोरे, आतले कागदाचे बोळेसुद्धा तसेच. टाकवत नाहीत आणि कुणाला देताही येत नाहीत. ते ज्याला येतील असं पोर आरशातच सापडेल. मी खोकं बाहेर ओढलं, उगाच दोन बूट शेजारी ठेवून पाहिले, आणि परत आत सरकवलं.

दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी मागेच सांगितलंय. आमच्या प्रकारात पुन्हा तेच होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी. आम्ही दोघांनी तेव्हा समंजस माणसांसारख्या माना हलवल्या आणि तो कागद फाइलमध्ये लावून टाकला. त्यावर कधी भांडण नाही, चर्चा नाही, नकारसुद्धा नाही. एवढ्या वर्षांत तो शब्द पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला तो सोनोग्राफी सेंटरमध्ये, एका अनोळखी माणसापाशी, आणि माझ्या तोंडून.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती उशीला अभ्रा घालत होती. ऐकून म्हणाली, "मग? मुलगा की मुलगी?"

"ते विचारणं कायद्यानं गुन्हा आहे."

ती इतकी हसली की आतल्या खोलीतून पोराची हालचाल ऐकू आली. मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. पंख्याचा आवाज तेवढा. नंतर ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कालनिर्णयाची पानं उलटल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेलो. सप्टेंबर काढून ती गणपतीच्या तारखा बघत होती.

"ते दिवस सोड," मी म्हणालो, "रस्ते बंद असतात. मागच्या वेळी पार दांडेकर पुलापासून चालत गेलो."

"मग चालत जाऊ. मी पण येणारे या वेळी. रजा टाकते."

"आणि तो माणूस पुन्हा भेटला तर?"

"तर त्याला विचारू, पहिलं कसं आहे." तिनं दातांनी पेनाचं टोपण काढलं, चौकोनात 'इस्त्री' लिहिलं, आणि थोडं थांबून खाली बारीक अक्षरात, '३ कपडे'.